वॉटर फ्लॉसर: पाण्याची धार दातांच्या फटीत नेमकं काय करते?

बाबांना पेरू फार आवडतो. फोडी करून मीठ-तिखट लावलेला नाही, थेट दातांनी तोडून खाल्लेला. मागच्या हिवाळ्यात त्यांनी अर्धा पेरू ताटलीत ठेवला आणि त्याच्या पांढऱ्या गरावर मला एक बारीक लाल रेघ दिसली. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, हिरडी जरा हुळहुळी झालीय. त्या बाजूला ब्रशच फिरवत नाही मी सध्या."

घरोघरी हेच ऐकू येतं. हिरडीतून रक्त आलं की माणूस तिथे हात लावायचं सोडतो. हात लागत नाही म्हणून तिथली घाण वाढते, घाण वाढली की सूज वाढते, आणि सुजलेल्या हिरडीतून आणखी रक्त येतं. हे चक्र कुठून तोडायचं, हा खरा प्रश्न आहे.

त्याच सुमाराला माझ्या भाच्याने आजोबांसाठी एक वॉटर फ्लॉसर पाठवला. मोबाइलवर जाहिराती दिसतात ना, हातात मावणारं यंत्र, त्याच्या टोकातून पाण्याची बारीक धार आणि शेजारी चमकणारे दात, तेच. बाबा 74 वर्षांचे. मधुमेह जुना, उजवा हात कंपवाताने थरथरतो. हे यंत्र त्यांच्या हाती द्यावं की नाही हे ठरवण्यासाठी मी बरंच वाचलं आणि आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंना पुन्हा पुन्हा विचारलं. ते सगळं इथे लिहिते आहे, कारण अशी खोकी आता बऱ्याच घरांत येत आहेत आणि त्यासोबतचं माहितीपत्रक कामाचं थोडं आणि कौतुकाचं फार सांगतं.

दाताला बाजू पाच, ब्रश पोचतो तिनांना

दाताकडे छोट्या खोलीसारखं बघा. चावायची बाजू म्हणजे गच्ची. गालाकडची एक भिंत, जिभेकडची दुसरी. उरलेल्या दोन भिंती शेजारच्या दातांना चिकटलेल्या असतात. गच्ची आणि पुढची-मागची भिंत ब्रशने घासता येते. शेजाऱ्यांकडच्या दोन भिंतींपर्यंत ब्रशचे केस जातच नाहीत, ब्रश कितीही महाग असला तरी.

आपल्या जुन्या लोकांना ही फट ठाऊक होती. कित्येक घरांत आजोबांच्या करगोट्याला किंवा किल्ल्यांच्या जुडग्याला एक चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं असायचं. पण दातकोरण्याने काढायचं ते अडकलेलं अन्न, म्हणजे सुपारीचं खांड, मेथीचा दोरा, मटणाची शीर. डोळ्यांना न दिसणारं जे तिथे बसलेलं असतं, ते अन्न नव्हेच.

तो असतो जंतूंचा चिकट थर, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात. मी यापुढे त्याला नुसतं 'थर' म्हणेन. माठ आठवडाभर घासला नाही आणि आत हात घातला तर भिंतीला जे बुळबुळीत लागतं, त्याच जातीचा हा पदार्थ आहे. जंतू एकट्याने राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक डिंकासारखा लेप तयार करून त्यात वस्ती करतात. माठात नवं पाणी ओतलं म्हणून बुळबुळीतपणा जात नाही, तो घासावा लागतो. दाताचंही तसंच.

थरापासून खिशापर्यंत

हा थर हिरडीच्या कडेला काही दिवस पडून राहिला की काय होतं, याचा एक साधा आणि गाजलेला प्रयोग आहे. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 निरोगी हिरड्यांच्या माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा घासायला लावलं, आणि आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. म्हणजे सूज थरामुळेच येते आणि थर गेला की उतरते, हे एकाच प्रयोगात दोन्ही बाजूंनी दिसलं.

हिरडी सुजते कारण शरीर जंतूंवर चाल करून जातं. त्या भागात रक्तपुरवठा वाढतो, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, वरची त्वचा नाजूक होते. मग ब्रश लागला काय नि पेरू लागला काय, रक्त येणारच. इथपर्यंतची अवस्था परतवता येते.

थर तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसून तो दगडासारखा घट्ट होतो. त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण घरी निघत नाही. ब्रशने नाही, मिठाने नाही, पाण्याच्या धारेनेही नाही. ते दवाखान्यातच काढावं लागतं. कीटणाच्या खडबडीत पाठीवर नवा थर आणखी सहज बसतो, आणि काही जणांच्या बाबतीत सूज खाली उतरत दाताला धरून ठेवणाऱ्या हाडापर्यंत जाते. हाड झिजतं, हिरडी दातापासून सुटते आणि दोघांमध्ये एक खोलगट जागा तयार होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात, आपण खिसा म्हणू. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

बाबांचा खिसा मोजताना मी शेजारी उभी होते. डॉक्टरबाईंच्या हातात मिलिमीटरच्या काळ्या खुणा असलेली एक बोथट सळई होती. ती हिरडीच्या कडेला हलकेच टेकवत त्या आकडे बोलत होत्या आणि सहायक मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. दोन, तीन, पाच." तीनपर्यंत ठीक. पाच ऐकलं तेव्हा सहायकेने वर पाहिलं. पेरूवरची रेघ त्याच दाताची होती.

मधुमेहाचा इथे जवळचा संबंध आहे आणि तो दोन्हीकडून आहे. साखर वाढलेली असली की हिरडीची सूज बळावते, आणि हिरडीत कायम सूज असली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. कोक्रेन या संस्थेने 2022 साली तोवरच्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. मधुमेह्यांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सुमारे 0.43 टक्क्यांनी उतरतो असं त्यात दिसलं. हा परिणाम दवाखान्यातल्या उपचारांचा आहे, यंत्राचा नव्हे. पण ज्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तिथे हिरडी हा बारकासा विषय राहत नाही.

यंत्र आलं कुठून आणि चालतं कसं

1962 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स या गावी जेराल्ड मॉयर हे दंतवैद्य आणि जॉन मॅटिंगली हे इंजिनिअर यांनी मिळून हे यंत्र तयार केलं. त्याचं शास्त्रीय नाव ओरल इरिगेटर, शब्दशः 'तोंडाचं सिंचन करणारा'. बाजारात रूढ झालेलं नाव वॉटर फ्लॉसर.

आत तीनच गोष्टी असतात: पाण्याची टाकी, छोटा पंप आणि बारीक छिद्राचं टोक. खरी करामत पंपात आहे. तो सलग धार सोडत नाही, ठोके देतो, मिनिटाला साधारण 1,200 ते 1,400, म्हणजे सेकंदाला वीसेक. सलग धारेत पाणी एकाच दाबाने वाहत राहतं. ठोक्याच्या धारेत दाब येतो, जातो, पुन्हा येतो, आणि त्या मधल्या क्षणात सैल झालेली घाण बाहेर पडायला वाट मिळते. सुजलेल्या हिरडीलाही सलग मार लागत नाही.

दाब पीएसआयमध्ये, म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंडांचा भार पडतो यात मोजतात. टेबलावर ठेवायच्या यंत्रांत तो साधारण 10 ते 100 पीएसआय असतो. गाडीच्या चाकात आपण 30-35 भरतो, त्यामुळे 100 हा आकडा ऐकून छाती दडपते. पण चाकातला दाब सगळ्या चाकावर असतो, इथे सुईएवढ्या छिद्रातून पाण्याचा थेंबभर ठोका येतो. बोटावर धरून बघा, गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं. तरीही सुरुवात सर्वांत कमी दाबानेच करायची. का, ते पुढे येईलच.

"खळखळून चूळ भरली की झालं की!"

जेवणानंतर चूळ भरायची आपली सवय फार चांगली आहे, ती मुळीच सोडू नका. चुळीने अन्नाचे कण निघतात, आंबट-गोड धुऊन जातं. पण माठाचं उदाहरण पुन्हा आठवा. चूळ म्हणजे माठ विसळणं. त्याने बुळबुळीत थर हलत नाही. शिवाय तोंडात फिरणारं पाणी सोपी वाट धरतं, हिरडीच्या कडेखालच्या अरुंद जागेत ते शिरत नाही.

नळीने अंगण धुताना आपण नळीच्या तोंडावर अंगठा दाबतो. पाणी तेवढंच, पण धार बारीक होते आणि फरशीच्या सांध्यातली माती उसळून बाहेर येते. वॉटर फ्लॉसर हे काम करतो. साध्या टोकाची धार हिरडीच्या खिशात साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. तिथे ब्रशही जात नाही आणि चूळही.

थर तिथेच, मग सूज कमी का?

या विषयात मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवलं ते इथल्या कोड्याने.

जाहिरातीत 99.9 टक्के थर काढतो असा आकडा दिसतो. तो हवेतून आलेला नाही. 2009 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात, जिथे धार मारली त्या जागेवरचा थर तीन सेकंदांत जवळजवळ संपूर्ण गेला होता. पण ती जागा होती काढून घेतलेल्या दातांच्या कापांवर, प्रयोगशाळेत, धार नेमकी समोरून धरलेली. जिवंत माणसाच्या तोंडात गाल आहे, जीभ आहे, वाकडे दात आहेत, झोप आलेली आहे आणि हात हलतो आहे.

माणसांवर चाचण्या केल्या तेव्हा चित्र वेगळं दिसलं. 2008 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. नुसता ब्रश करणारे आणि ब्रशच्या जोडीला पाण्याची धार वापरणारे यांच्या दातांवर दिसणाऱ्या थरात त्यांना फरक आढळला नाही. हिरड्यांची तब्येत मात्र धार वापरणाऱ्यांत सुधारताना दिसत होती. पुढे दातांच्या फटीत ओढून साफ करायचा धागा, म्हणजे फ्लॉस, आणि धार यांची तुलना करणाऱ्या काही चाचण्यांतही हाच सूर पुन्हा आला: थराच्या मापात फरक नाही, रक्त येण्याच्या मापात धार वरचढ.

थर तेवढाच असेल तर रक्त कमी कसं होतं?

एक समजूत अशी आहे, आणि मला ती पटते. गाडी सर्व्हिसिंगला नेली की मडगार्डखालचा चिखल ते जोरदार फवाऱ्याने उडवतात. चिखल जातो, पण टाकीवरून बोट फिरवलं तर एक पातळ मळकट थर राहिलेलाच असतो, तो फडक्यानेच निघतो. धार तशीच वागते. दाताला घट्ट चिकटलेला खालचा थर बराचसा राहतो. पण त्यावर सैल बसलेले, हिरडीच्या खिशात तरंगणारे जंतू आणि त्यांनी सोडलेलं विष मात्र धुऊन निघतं. हिरडीला जास्त चिडवणारं तेच असतं. दाताच्या भिंतीवरचा थर मोजला तर फरक दिसत नाही, आणि चीड आणणारं द्रव्य रोज धुतलं जात असल्यामुळे हिरडी शांत होते.

म्हणून हे यंत्र दात चमकवायला नाहीच. ते हिरडीसाठी आहे. दात पिवळे दिसतात म्हणून कुणी घेत असेल तर पैसे वाया जातील.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. कोक्रेनने 2019 साली दातांच्या फटी साफ करायच्या सगळ्याच साधनांचा आढावा घेतला. एकूण 35 चाचण्या, 3,929 माणसं. पाण्याच्या धारेने एका महिन्याला हिरडीची सूज थोडी कमी दिसली, तीन आणि सहा महिन्यांना मात्र नुसत्या ब्रशवाल्यांपेक्षा फरक उरला नाही. पुराव्याची खात्रीही कमी होती. धाग्याबद्दलचा पुरावाही फार भक्कम निघाला नाही. शिवाय या क्षेत्रातल्या बऱ्याच चाचण्यांना यंत्र बनवणाऱ्यांचाच पैसा असतो, हे वाचताना लक्षात ठेवावं लागतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2017 साली अशा यंत्राला प्रथमच आपली मान्यतेची मोहोर दिली, पण मोहोर म्हणजे 'सुरक्षित आणि सांगितल्याप्रमाणे काम करणारं' एवढंच. 'प्रत्येकाला हवंच' असं ती म्हणत नाही.

मग धागा बंद करायचा का?

ज्यांना धागा जमतो आणि जे तो खरोखर रोज वापरतात, त्यांनी तो सोडायचं काहीच कारण नाही. दात एकमेकांना अगदी घट्ट खेटलेले असतील तर धागाच बरा, कारण तो भिंतीवरून घासत जातो. फटी रुंद झाल्या असतील, वय वाढल्यावर होतातच, तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे इवलेसे ब्रश मिळतात, ते फटीत आत-बाहेर करायचे. रुंद फटीसाठी डॉक्टर बहुतेक वेळा हेच सुचवतात, आणि ते यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

पण धागा किती जणांना जमतो? दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना तो गुंडाळायचा, आरशात उलटं दिसणारं तोंड बघत मागच्या दाढेपर्यंत न्यायचा, हिरडीला न कापता खाली सरकवायचा. बाबांनी तीन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी थरथरत्या हाताने धागा हिरडीत रुतला. त्यांनी तो काढला, नीट गुंडाळून डबीत ठेवला आणि म्हणाले, "माझ्याच्याने हे होणार नाही." अशा हातांसाठी पाण्याची धार वरदान आहे. दातांना तारा लावलेली मुलं, ज्यांच्या तारेखालून धागा ओवणं म्हणजे रोजची शिक्षा असते, त्यांच्यासाठीही. तीन-चार दातांचा जोडलेला ब्रिज किंवा इम्प्लांट असलेले, संधिवाताने बोटं आखडलेले, हेही त्यात आले.

ब्रशला मात्र पर्याय नाही. धार हे ब्रशच्या जोडीचं काम आहे, बदलीचं नाही.

"दात साफ केले की हलायला लागतात"

ही भीती आपल्याकडे खोलवर आहे. आधी ती दवाखान्यातल्या सफाईबद्दल होती, आता यंत्राबद्दलही ऐकू येते. ती समजून घ्यायला हवी, कारण तिच्यामागचा अनुभव खोटा नसतो. अर्थ चुकीचा लावलेला असतो.

हाड आधीच झिजलेलं असतं. दातांच्या मधली जागा कीटणाने भरलेली असते आणि त्या दगडाने दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. हिरडी सुजून फट झाकलेली असते. कीटण निघालं, सूज उतरली की झाकलेलं उघडं पडतं: फट दिसते, दात किंचित हलतो, थंड पाणी झोंबतं. माणूस म्हणतो, "काल बरं होतं, आज डॉक्टरने बिघडवलं." प्रत्यक्षात बिघाड पाच-दहा वर्षांचा असतो. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढल्यावर मागची भेग दिसावी, तसं.

बरोबर वापरलेल्या धारेने निरोगी हिरडी दातापासून सुटत नाही. चुकीच्या वापराने इजा होऊ शकते: एकदम मोठा दाब, एकाच जागी रोखलेली धार किंवा टोक खिशात खुपसणं. म्हणून कमी दाबापासून सुरुवात.

रक्त येतंय, तर थांबावं का?

सुरुवातीचे काही दिवस बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसेल. सुजलेल्या हिरडीला हात लागला की तसं होतंच. दाब कमी ठेवून, रोज, न चुकता चालू ठेवलं तर हे रक्त दिवसागणिक कमी व्हायला हवं. दोन आठवड्यांनीही तेवढंच येत असेल तर खाली कीटण किंवा खिसा आहे असं समजा आणि दवाखाना गाठा. यंत्राने ते निघणार नाही.

एक गोष्ट तळमळीने सांगते. रक्त येत नाही म्हणून हिरडी ठणठणीत, असं तंबाखू घेणाऱ्यांनी समजू नये. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, आतला आजार वाढत असला तरी. आपल्याकडच्या कितीतरी बायका अजून मिशेरी लावतात, 'हिरड्या बळकट होतात' या समजुतीने. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी बळकट होत नाही, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मात्र उघडते. आजीच्या, मावशीच्या हातातली ती डबी काढून घेता आली तर ते कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं काम आहे.

हातात धरल्यावर

पहिल्या दिवशी बाबांनी ताठ उभं राहून, तोंड उघडं ठेवून बटण दाबलं. आरसा भिजला, सदरा भिजला. रीत साधी आहे, पण कुणीतरी दाखवावी लागते.

टाकीत कोमट पाणी भरा, थंड पाणी उघड्या मुळांना झोंबतं. आधी टोक तोंडात घ्या, मग बटण दाबा. बंद करताना उलट: आधी बटण, मग टोक बाहेर. बेसिनवर पूर्ण वाका, इतकं की नाक नळाशी येईल. ओठ टोकाभोवती सैल मिटा, म्हणजे पाणी उडणार नाही आणि कोपऱ्यातून खाली पडत राहील. गिळायचं नाही, साठवायचं नाही, नुसतं गळू द्यायचं. टोक दाताला काटकोनात, हिरडीच्या कडेवर. मागच्या दाढेपासून सुरुवात करा, कडेकडेने पुढे या, प्रत्येक फटीशी क्षणभर थांबा. बाहेरून एक फेरी, जिभेकडून दुसरी. धार जिभेखालच्या मऊ जागेवर किंवा घशाकडे रोखू नका.

दीड-दोन मिनिटं पुरतात. हातातल्या छोट्या यंत्राची टाकी मध्येच संपते, ती पुन्हा भरावी लागते. बाबा डावा हात बेसिनच्या कडेवर टेकवतात आणि त्यावर उजवं मनगट ठेवतात, तेवढ्याने थरथर सोसण्याइतकी होते.

ब्रशच्या आधी की नंतर? मी आधी म्हणेन. फटी मोकळ्या झाल्यावर पेस्टमधलं फ्लोराइड तिथपर्यंत जातं आणि तिथेच राहतं. नंतर धार मारली तर ते धुऊनच जाईल. वेळ रात्रीची, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

कुणी आधी विचारावं

नुकताच दात काढला असेल तर धार अजिबात नको. खड्ड्यात जमलेली रक्ताची गाठ हीच जखमेची पट्टी असते. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणका लागतो. हिरडीची शस्त्रक्रिया झाली असेल, गळू होऊन पू साठला असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाची कृत्रिम झडप बसवलेली असेल, तर डॉक्टरांना विचारून मगच. लहान मुलांच्या हातात ते एकट्याने देऊ नये.

टाकीत काय घालावं, काय नाही

साधं स्वच्छ पाणी, जे तुम्ही प्यायला वापरता तेच. मीठ, हळद, तेल, लवंगेचा काढा, यातलं काही नको. आपलं मिठाच्या गुळण्यांवर प्रेम आहे आणि गुळण्या कराव्यातच, पण पेल्यातून. मिठाने पंप गंजतो, हळदीच्या गाळाने टोक बुजतं. डॉक्टरांनी एखादं औषधी माउथवॉश पातळ करून घालायला सांगितलं तर घाला, आणि नंतर साधं पाणी सोडून यंत्र धुऊन काढा. बोअरचं जड पाणी असेल तर टोकात पांढरी पुटं जमतात. महिन्याकाठी थोडं पांढरं व्हिनेगर घातलेलं पाणी यंत्रातून सोडलं की ती सुटतात. एका घरात यंत्र एक चालेल, टोक प्रत्येकाचं वेगळं हवं.

आणि टाकीत पाणी ठेवून जाऊ नका. माठाच्या भिंतीवर होतं तेच तिथेही होतं. ज्या थराला हटवायचं तोच टाकीत वाढवून रोज हिरडीवर मारायचा, असं व्हायला नको.

मग घ्यावा का?

हातातली साधी यंत्रं दीड-दोन हजारांपासून मिळतात. घरात वर्षानुवर्षं कुणी दातांच्या डॉक्टरकडे गेलेलं नसेल तर ते पैसे आधी तपासणीला आणि कीटण काढायला द्या. सरकारी दंत महाविद्यालयांत ते काम फार कमी पैशांत होतं. कीटणावर धार मारणं म्हणजे खडकावर झारीने पाणी घालणं. हिरड्या निरोगी आहेत, धागा किंवा छोटा ब्रश नेमाने वापरता, तर यंत्रावाचून काही अडत नाही. पण हात साथ देत नसेल, तोंडात तारा किंवा ब्रिज असेल, किंवा धागा आणून महिनोन्‌महिने फडताळात पडून असेल, तर जरूर घ्या. जे साधन रोज हातात घेतलं जातं, तेच हिरडीला मिळतं.

बाबांची आधी दवाखान्यात दोन खेपांत सफाई झाली, मग यंत्र सुरू केलं. सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा सळई टेकवली. पाचाच्या जागी त्या चार म्हणाल्या, आणि "काका, इथे रक्त नाही आज." त्यातलं किती सफाईमुळे आणि किती धारेमुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही. आता रोज रात्री साडेनऊला न्हाणीघरातून तो घुर्रर्र आवाज येतो, थांबतो, टाकी भरल्याचा आवाज येतो, पुन्हा सुरू होतो. झालं की ते टाकी झटकतात आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथी घालतात.